साठवणीतील दारूगोळा : वय आणि विश्वासार्हता

मोटार रोज धावते, पाण्याचा पंप रोज चालतो. त्यामुळे त्यांच्यात काही बिघाड होऊ लागला तर त्याची चाहूल आधी लागते. आवाज बदलतो, वेग मंदावतो, दुरुस्तीस अवसर मिळतो. दारूगोळ्याची गोष्ट अगदी निराळी आहे. कारखान्यातून बाहेर पडलेला तोफगोळा दहा, वीस, प्रसंगी तीस वर्षे कोठारात निश्चल पडून असतो. या दीर्घ काळात त्याच्याकडून कोणतेही काम घेतले जात नाही. पुढे एखाद्या दिवशी, एका क्षणी, त्याची गरज भासते. त्या क्षणी त्याने अचूक काम द्यावे अशी अपेक्षा असते आणि ते काम देताना तो स्वतः नष्ट होतो. त्याची आगाऊ परीक्षा घ्यावी तर परीक्षेतच तो संपतो. न घ्यावी तर त्याच्यावर विसंबून राहणाऱ्या सैनिकाचे प्राण धोक्यात येतात.

यातून प्रत्येक देशाच्या संरक्षण व्यवस्थेपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. कोठारात साठविलेला जुना माल अद्याप भरवशाचा आहे काय, हे कसे ठरवावयाचे? चांगला माल केवळ जुना झाला म्हणून नष्ट केला तर जनतेचा पैसा वाया जातो आणि ऐन वेळी साठा अपुरा पडतो. खराब झालेला माल चांगला समजून ठेवला तर तो रणांगणावर दगा देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोठारातच पेट घेतो. या दोन चुकांमधील अरुंद वाट शोधून काढणे हेच दारूगोळ्याच्या नियतकालिक तपासणीचे कार्य होय.

वार्धक्य कोणत्या भागाला येते?

तोफगोळा ही एक वस्तू दिसत असली तरी वस्तुतः ती एक साखळी असते. पुंगळीच्या तळाशी असलेला प्रायमर ठोका बसताच पेटतो. त्याच्या ज्योतीने प्रणोदक, म्हणजे गोळ्याला पुढे ढकलणारी दारू, पेट घेते. तिच्या वायूंच्या दाबाने गोळा नळीबाहेर फेकला जातो. गोळ्याच्या टोकावरील फ्यूजमध्ये सुरक्षेची कुलपे असतात. नळीतील धक्क्याने आणि गोळ्याच्या फिरकीने ती उघडतात. लक्ष्यावर आदळताच फ्यूजमधील डिटोनेटर उडतो आणि अखेरीस मुख्य स्फोटकाचा स्फोट होतो. या साखळीतील एक कडी जरी निकामी झाली तरी सारा गोळा निकामी ठरतो.

प्रत्येक कडीचे वार्धक्य वेगळ्या प्रकारचे असते. प्रायमरमधील आणि विलंबाने पेटणाऱ्या मिश्रणांतील शत्रू म्हणजे ओलावा. मॅग्नेशियमची पूड असलेल्या प्रकाशगोळ्यात ओल शिरली की त्या धातूचा हळूहळू क्षय होतो, हायड्रोजन वायू निर्माण होतो आणि प्रकाशाची तीव्रता घटते. फ्यूजमधील बारीक कमानी गंजतात, त्यांना लावलेले वंगण कालांतराने घट्ट होते आणि कुलूप उघडण्यास लागणारा वेळ बदलतो. लेड अझाइड हे आरंभक स्फोटक ओलाव्यात तांब्याच्या सान्निध्यात राहिल्यास त्यापासून अतिसंवेदनशील संयुग तयार होते. याच कारणाने त्याच्या टोप्या ॲल्युमिनियमच्या करण्याची पद्धत पडली. रबराची कडी आणि सांधे बंद करणारे लेप कडक होऊन तडकतात. त्यांचे मूल्य क्षुल्लक असते. परंतु ते तडकले की ओलाव्याला दार उघडे होते आणि वरील सर्व दोषांना वाव मिळतो.

मुख्य स्फोटक मानले जाणारे टीएनटी रासायनिक दृष्ट्या पुष्कळच स्थिर असते आणि अनेक दशके टिकते. शुद्ध टीएनटी सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. तथापि त्याच्यात अशुद्ध द्रव्ये राहून गेली असल्यास त्यांचे तेलकट मिश्रण त्याहून पुष्कळ कमी तापमानाला पाझरू लागते. हा पाझर आट्यांच्या फटींत किंवा फ्यूजच्या पोकळीत साचला तर हाताळणीच्या वेळी घर्षणानेही अपघाताची शक्यता निर्माण होते.

क्षेपणास्त्रांत याखेरीज विजेचे घट, मंडले आणि रॉकेटची घन इंधने असतात. इंधनाच्या ठोकळ्याला दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने वारंवार प्रसरण-आकुंचन सहन करावे लागते. त्यामुळे त्याला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. हा तडा बाहेरून दिसत नाही. पेटविल्यानंतर मात्र तड्याच्या भिंतीही जळू लागतात, जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब मर्यादेबाहेर जातो आणि रॉकेट फुटते.

फ्रेंच आरमाराने मोजलेली किंमत

सर्व घटकांत सर्वांत अधिक लक्ष पुरवावे लागते ते प्रणोदकाकडे. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. ती पूद्र बे, म्हणजे ‘ब’ दारू, या नावाने प्रसिद्ध झाली. जुन्या काळ्या दारूपेक्षा ती कितीतरी शक्तिमान होती आणि रणांगणावर धुराचा पडदा निर्माण करीत नव्हती. पण काळी दारू कोरडी ठेवली तर पिढ्यान् पिढ्या टिकत असे. ही नवी दारू मात्र तयार झाल्या दिवसापासून आतल्या आत विघटित होत असते. या विघटनातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि तीच ऑक्साइडे पुढील विघटनाचा वेग वाढवितात. थोडी उष्णताही निर्माण होते. मोठ्या ढिगात ती बाहेर पडू शकली नाही तर ढीग आपोआप पेटतो.

या गुणधर्माची जाणीव होण्यास मोठी किंमत मोजावी लागली. १२ मार्च १९०७ रोजी तूलाँ येथील गोदीत दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या ‘इयेना’ या युद्धनौकेत स्फोट होऊन सुमारे १२० माणसे मरण पावली. त्यानंतर साडेचार वर्षांनी, २५ सप्टेंबर १९११ रोजी, त्याच बंदरात ‘लिबर्ते’ ही युद्धनौका स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि सुमारे ३०० जणांचा बळी गेला. दोन्ही वेळी युद्ध चालू नव्हते, शत्रू समोर नव्हता. संशयाचा रोख नौकांच्या कोठारांतील जुन्या ‘ब’ दारूवर गेला. ही दारू टिकावी म्हणून तिच्यात अमाइल अल्कोहोल मिसळीत असत; परंतु ते काळाच्या ओघात उडून जाई आणि दारू उघडी पडे. पुढे त्याच्या जागी डायफिनिलअमाइन हे द्रव्य आले. विघटनातून निघणारी ऑक्साइडे ते शोषून घेते आणि विघटनाची साखळी तोडते. अशा द्रव्याला स्थिरकारक म्हणतात.

इंग्लंडमध्ये १८८९ साली फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी सिद्ध केलेल्या कॉर्डाइटचा इतिहासही उद्बोधक आहे. तोफेच्या नळीची झीज कमी व्हावी या हेतूने त्यांनी मिश्रणात ५ टक्के खनिज जेली, म्हणजे साध्या भाषेत व्हॅसलीन, घातली. कालांतराने आढळून आले की वंगण म्हणून घातलेली ही जेली कॉर्डाइटचे आयुष्य वाढविणारे स्थिरकारकही ठरत होती. पुढील काळात याच कामासाठी कार्बामाइटसारखी अधिक खात्रीची द्रव्ये वापरात आली.

स्थिरकारक स्वतः खर्च होत जाते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. ते शिल्लक आहे तोवर दारू सुरक्षित असते. ते संपले की संरक्षण संपते. म्हणूनच जुन्या प्रणोदकाची तपासणी करणे म्हणजे मुख्यतः त्यातील स्थिरकारकाची शिल्लक मोजणे होय.

प्रयोगशाळेतील परीक्षा

या क्षेत्रातील सर्वांत जुन्या परीक्षांपैकी एक एबल यांच्याच नावाने ओळखली जाते. दारूचा नमुना परीक्षानळीत ठरावीक तापमानाला तापवितात आणि वर पोटॅशियम आयोडाइड व स्टार्च यांच्या द्रावणात भिजविलेला कागद टांगतात. नमुन्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघू लागली की कागदावर डाग उमटतो. तो उमटण्यास किती मिनिटे लागली यावरून दारूची स्थिती आजमावली जाते. परीक्षा सोपी असली तरी तिला मर्यादा आहेत. गनकॉटनमध्ये पाऱ्याच्या क्षाराचा अंश असेल तर डाग उशिरा उमटतो आणि खराब मालही चांगला भासतो, असा अनुभव जुन्या काळी आला. एकाच परीक्षेवर विसंबून निर्णय घेऊ नये, हा धडा त्यातून मिळाला.

मेथिल व्हायोलेट परीक्षेत एकाधारी प्रणोदकाचा, म्हणजे केवळ नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या दारूचा, नमुना १३४.५ अंश सेल्सिअसला तापवितात आणि जांभळ्या कागदाचा रंग किती वेळाने फिका गुलाबी होतो ते पाहतात. ज्यात नायट्रोग्लिसरीनही असते त्या द्व्याधारी प्रणोदकासाठी हे तापमान १२० अंश असते. निर्वात स्थैर्य परीक्षेत नमुना निर्वात नळीत ठेवून ठरावीक तासांत किती वायू बाहेर पडला ते मोजतात.

आजच्या काळात अधिक भर प्रत्यक्ष रासायनिक मोजमापावर असतो. द्रव वर्णलेखन पद्धतीने स्थिरकारकाचे उरलेले प्रमाण अचूक काढता येते. नव्या एकाधारी दारूत डायफिनिलअमाइनचे प्रमाण साधारण १ टक्का असते. अमेरिकन सैन्याच्या वर्गवारीत हे परिणामी स्थिरकारक ०.२० टक्क्यांच्या खाली उतरले की तो लॉट साठवणीस अयोग्य ठरतो आणि त्याची त्वरित विल्हेवाट लावावी लागते. प्रतिवर्षी हे प्रमाण किती उतरते याचा आलेख काढला तर धोक्याची रेषा साधारण केव्हा गाठली जाईल याचा अंदाज अनेक वर्षे आधी बांधता येतो.

उष्माप्रवाह मापन ही आणखी एक आधुनिक पद्धत आहे. विघटनाने निर्माण होणारी उष्णता अत्यंत अल्प असते. परंतु संवेदनक्षम उपकरणाने ती मोजता येते. उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या प्रमाणपद्धतीनुसार नमुना ८९ अंश सेल्सिअसला ३.४३ दिवस ठेवतात. या काळात उष्णतेचा प्रवाह मर्यादेत राहिला तर २५ अंशांच्या साठवणीत तो माल किमान १० वर्षे रासायनिक दृष्ट्या स्थिर राहील असे मानतात.

छापलेले वय आणि खरे वय

साडेतीन दिवसांत दहा वर्षांचा अनुभव मिळतो कसा, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो, हे त्याचे उत्तर होय. वरील आकड्यांवरून हिशेब केल्यास दर १० अंशांमागे हा वेग सरासरी सुमारे तिपटीने वाढतो असे दिसते. दूध उन्हाळ्यात लवकर नासते आणि थंडीत टिकते, त्यातलाच हा प्रकार आहे.

या नियमाचा व्यवहारातील अर्थ फार महत्त्वाचा आहे. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन पेट्यांपैकी एक थंड हवेच्या ठिकाणी मातीने आच्छादलेल्या कोठारात राहिली आणि दुसरी उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली किंवा वाळवंटातील चौकीवर राहिली, तर दोन्हींवर छापलेले वर्ष एकच असले तरी त्यांचे खरे वय एक नसते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा हवामानात कोठाराच्या भिंती जाड असणे, त्यावर मातीचे आच्छादन असणे, हवा खेळती असणे आणि आतील तापमान व आर्द्रता यांची नोंद नियमाने होणे यांवर दारूगोळ्याचे आयुष्य अवलंबून असते.

यासाठी प्रत्येक लॉटची वंशावळ जपली जाते. लॉट म्हणजे एकाच वेळी, एकाच पद्धतीने व एकाच कच्च्या मालापासून तयार झालेला समूह. पेटीवरील लॉट क्रमांकावरून तो माल कोठे भरला, कोणत्या कोठारांतून फिरला, किती काळ सीमेवर राहून परत आला हे कळावयास हवे. वरवर पाहता कारकुनी वाटणारे हे काम प्रयोगशाळेतील कामाइतकेच मोलाचे आहे. कारण नोंद हरवली की नमुना कोणाचे प्रतिनिधित्व करतो हेच सांगता येत नाही.

पाहणी आणि प्रत्यक्ष चाचणी

रासायनिक परीक्षेच्या जोडीला इतरही तपासण्या चालतात. प्रथम उघड्या डोळ्यांनी पाहणी होते. गंज, पाझर, तडे, फुगलेली पेटी, सैल झालेले सांधे, पुसट झालेली अक्षरे यांची नोंद होते. क्ष-किरणांनी रॉकेटच्या इंधनातील तडे आणि फ्यूजमधील भागांची स्थिती दिसते. ही पद्धत नमुना नष्ट करीत नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

प्रायमरची संवेदनशीलता अजमाविण्यासाठी ठरावीक वजनाची गोळी निरनिराळ्या उंचीवरून त्यावर सोडतात. येथे एक चतुर पद्धत वापरली जाते. प्रायमर पेटला तर पुढील प्रायमरसाठी उंची एका पायरीने कमी करावयाची. न पेटला तर एका पायरीने वाढवावयाची. अशा रीतीने नमुने आपोआप त्या उंचीभोवती जमा होतात जेथे निम्मे प्रायमर पेटतात व निम्मे पेटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ब्रूस्टन येथील स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाल्याने ही पद्धत ब्रूस्टन पद्धत म्हणून ओळखली जाते. ही उंची दर काही वर्षांनी काढली की प्रायमर मंद होत चालला आहे की अधिक नाजूक होत चालला आहे ते समजते. दोन्ही बदल सारखेच चिंताजनक मानले जातात.

अखेरची परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष गोळाबारी. नमुन्यातील गोळे अति थंड व अति उष्ण तापमानात मुरवून मग डागतात. गोळ्याचा वेग, नळीतील दाब, ठोका बसल्यापासून गोळा सुटेपर्यंत लागलेला वेळ आणि फ्यूजचे कार्य यांची नोंद होते. न सुटलेल्या गोळ्यापेक्षाही उशिरा सुटणारा गोळा अधिक घातक असतो, कारण गोळा सुटला नाही असे समजून तोफेचा मागील भाग उघडणाऱ्या जवानावरच तो उलटू शकतो.

थोड्यांवरून सर्वांचा निर्णय

आता मूळ अडचणीकडे वळावयास हवे. परीक्षा घेतलेला गोळा नष्ट होतो. म्हणून मोजकेच गोळे डागून उरलेल्या हजारोंविषयी अनुमान काढावे लागते. किती गोळे डागले म्हणजे पुरे? याचे उत्तर संख्याशास्त्र देते आणि ते सामान्य समजुतीपेक्षा बरेच कठोर आहे.

समजा, २२ गोळे डागले आणि सर्वच्या सर्व नीट चालले. यावरून लॉट शंभर टक्के चांगला आहे असे म्हणता येत नाही. ज्या लॉटमधील दहापैकी एक गोळा निकामी आहे, त्यातूनही २२ चांगलेच गोळे हाती लागण्याची शक्यता जवळजवळ १० टक्के असते. म्हणून २२ पैकी २२ यशाचा अर्थ एवढाच की लॉटची विश्वासार्हता किमान ९० टक्के आहे असे ९० टक्के खात्रीने म्हणता येते. ९५ टक्के विश्वासार्हता ९५ टक्के खात्रीने सांगावयाची असेल तर एकही अपयश न येता ५९ गोळे डागावे लागतात. ९९ टक्के विश्वासार्हतेसाठी हीच संख्या २९९ वर जाते.

साध्या काडतुसांच्या बाबतीत २९९ नग खर्च करणे परवडते. महागड्या क्षेपणास्त्रांच्या बाबतीत ते केवळ अशक्य असते. तेथे घटकांची स्वतंत्र परीक्षा कामी येते. प्रज्वलक, फ्यूज, घट, सुरक्षा-कुलपे हे भाग सुटे करून मोठ्या संख्येने तपासता येतात. मात्र साखळीचे गणित येथे विसरून चालत नाही. दहा घटकांपैकी प्रत्येकाची विश्वासार्हता ९९ टक्के असली आणि प्रत्येक घटक चालणे आवश्यक असले, तर संपूर्ण शस्त्राची विश्वासार्हता ९० टक्क्यांच्या आसपासच राहते. सुट्या भागांचे निकाल उत्तम आले म्हणून संपूर्ण शस्त्र तितकेच उत्तम ठरत नाही. सांधा, जोडणी आणि एका भागाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम केवळ पूर्ण शस्त्र डागूनच कळतो. म्हणून अधूनमधून काही क्षेपणास्त्रे सरावात डागणे, हे सैनिकांच्या प्रशिक्षणाइतकेच साठ्याच्या परीक्षेचेही साधन ठरते.

नमुना कोठून घेतला हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दाराजवळच्या, हाताशी येणाऱ्या पेट्यांतून नमुने घेतले तर छपराखालच्या तापलेल्या आणि कोपऱ्यातील ओल लागलेल्या पेट्यांची स्थिती कळणार नाही. नमुना यदृच्छेने निवडलेला असला पाहिजे, आणि ज्या पेट्यांनी सर्वांत खडतर आयुष्य काढले आहे त्यांतून स्वतंत्र नमुना घेणे इष्ट असते.

तपासणीचा निकाल लागल्यावर लॉटची प्रतवारी होते. निर्दोष माल राखीव साठ्यात राहतो. वय झालेला परंतु सुरक्षित माल प्रशिक्षणासाठी प्रथम वापरला जातो. ज्याचा प्रायमर वा फ्यूज तेवढा निकामी झाला आहे तो दुरुस्तीस पाठवून पुन्हा सेवेत आणता येतो, आणि धोकादायक माल वेगळा काढून नष्ट केला जातो. योग्य तपासणीने आयुर्मर्यादा काही वर्षांनी वाढविता आली तर नव्या खरेदीवरील मोठा खर्च वाचतो. ही वाढ पुराव्याच्या आधारे दिलेली असावी, साठा कमी आहे या निकडीने नव्हे. कारण निकड कितीही मोठी असली तरी स्थिरकारकाची शिल्लक तिच्यामुळे वाढत नाही.

दुर्लक्षाचे परिणाम

या नियमांकडे पाठ फिरविली की काय घडते याची उदाहरणे अलीकडच्या इतिहासातही आहेत. २९ जुलै १९६७ रोजी टाँकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या अमेरिकन विमानवाहू नौकेवर एक रॉकेट चुकून सुटले आणि सांडलेल्या इंधनाने आग लागली. नौकेवर आदल्याच दिवशी जुने, गंजलेले बॉम्ब चढविण्यात आले होते. नवे बॉम्ब आगीत काही काळ तग धरतील या हिशेबाने अग्निशामक पथक पुढे सरसावले; परंतु जुना बॉम्ब सुमारे दीड मिनिटातच फुटला आणि ते पथक जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. त्या दुर्घटनेत १३४ जणांनी प्राण गमावले.

सायप्रस बेटावर एका जहाजातून जप्त केलेल्या स्फोटकांचे ९८ कंटेनर २००९ पासून मारी येथील नाविक तळावर उघड्यावर ठेवले होते. दोन वर्षांहून अधिक काळ ते भूमध्य सागरी प्रदेशाच्या उन्हात तापत राहिले. ११ जुलै २०११ रोजी पहाटे त्यांचा स्फोट होऊन १३ जण मृत्युमुखी पडले आणि शेजारचे वासिलिकोस वीजकेंद्र निकामी झाल्याने देशाच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा कोलमडला.

महाराष्ट्रालाही या दुःखाचा अनुभव आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे टँकविरोधी सुरुंग साठविलेल्या कोठाराला आग लागली. आग विझविण्यासाठी धावलेल्या दोन अधिकाऱ्यांसह अग्निशमन दलातील अनेक कर्मचाऱ्यांना वीरमरण आले. आसपासच्या गावांतील लोकांना भर रात्री घरे सोडावी लागली. सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीचा प्रश्न या घटनेनंतर ऐरणीवर आला. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी याच परिसरात मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी पेट्या उतरविताना स्फोट झाला आणि सहा जणांचा बळी गेला. मृतांत रोजंदारीवर काम करणारे गावकरीही होते. आयुष्य संपलेल्या दारूगोळ्याचा धोका त्याला बाद ठरविल्याने संपत नाही. तो सुरक्षितपणे नष्ट होईपर्यंत टिकून असतो, ही गोष्ट या घटनेने अधोरेखित केली.

कोठार आणि शेजारचे गाव

कोठाराभोवती मोकळी जागा सोडण्याचा नियम या संदर्भात समजून घ्यावयास हवा. सुरक्षित अंतर हे स्फोटकांच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात ठरते. साठा आठपट झाला तर अंतर दुप्पट करावे लागते. १९०३ च्या वर्क्स ऑफ डिफेन्स कायद्यान्वये अशा ठिकाणांभोवतीच्या जमिनीच्या वापरावर निर्बंध घालता येतात. शेतकऱ्याला वा घर बांधू इच्छिणाऱ्याला हे निर्बंध जाचक वाटणे स्वाभाविक आहे; परंतु त्यांच्यामागे हेच गणित आहे. त्याचबरोबर कोठारातील मालाची वेळेवर तपासणी होणे हा त्या निर्बंध सोसणाऱ्या गावकऱ्यांचाही हक्क ठरतो. जुना, संशयास्पद माल वेळीच निघून गेला तर सैनिकाइतकाच शेजारचा शेतकरी सुरक्षित होतो.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आणि निकटचा आहे. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. खडकीचाच उच्च स्फोटक कारखाना, तसेच भंडारा, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील आयुधनिर्माणी यांनी या क्षेत्रात मोलाची भर घातली आहे. पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था १९५८ पासून आणि स्फोटक द्रव्यांवर संशोधन करणारी उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा १९६० पासून कार्यरत आहे. २०२१ साली आयुधनिर्माणींच्या पुनर्रचनेनंतर स्थापन झालेल्या म्युनिशन्स इंडिया या सार्वजनिक कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. राज्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या उद्योगावर चालतो आणि तेथील रसायनज्ञ, तंत्रज्ञ व कामगार यांच्या दक्षतेवर दूर सीमेवरील जवानाचा भरवसा अवलंबून असतो.

शस्त्र किती शक्तिमान आहे याची चर्चा सर्वत्र होते. वीस वर्षे पडून राहिल्यानंतरही ते चालेल काय, या प्रश्नाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. त्याचे उत्तर मिळते ते कोठारातील तापमानाच्या वहीतून, प्रयोगशाळेतील स्थिरकारकाच्या आकड्यातून आणि यदृच्छेने निवडलेल्या काही नमुन्यांच्या परीक्षेतून. नोंद खरी असेल, नमुना प्रामाणिक असेल आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो स्वीकारण्याची तयारी असेल, तर साठवणीतील दारूगोळा देशाची संपत्ती ठरतो. यांपैकी एका गोष्टीत जरी उणीव राहिली, तरी तोच साठा त्याचे रक्षण करणाऱ्यांवर उलटू शकतो.